ट्रान्झिस्टरवर ऐकलेला मे महिना

१९६८ चा पॅरिसमधला मे महिना आपल्याला आठवतो तो छायाचित्रांतून. उखडलेली फरसबंदी, जळालेल्या मोटारी, अश्रुधूर. पण तो महिना पाहण्यापेक्षा ऐकण्याचा होता, असं मला वाटतं.

ठिणगी पडली नाँतेरच्या विद्यापीठात. ३ मे रोजी पोलीस सोरबोनच्या आवारात शिरले आणि भडका उडाला. १० मेच्या रात्री लॅटिन क्वार्टरमध्ये विद्यार्थ्यांनी अडथळे रचले. सरकारी टेलिव्हिजनवरचा विद्यार्थ्यांविषयीचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी रोखण्यात आला होता. मात्र आर.टी.एल. आणि युरोप-१ या खासगी रेडिओ केंद्रांचे वार्ताहर रस्त्यावरून थेट बोलत होते. त्यांचे प्रक्षेपक फ्रान्सच्या सीमेबाहेर! पोलीस कुठे पोहोचले, हे विद्यार्थी ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकत होते आणि घरोघरी त्यांचे आईबापही तेच ऐकत रात्र जागवत होते. विद्यार्थ्यांविषयीची सहानुभूती वाढली ती या रात्रीनंतर.

१३ मेला कामगार संघटनांनी एक दिवसाचा संप पुकारला. तो एका दिवसात मिटला नाही. दुसऱ्याच दिवशी नाँतच्या विमान कारखान्याचा कामगारांनी ताबा घेतला आणि बघता बघता संपकऱ्यांची संख्या सत्तर लाखांच्या पुढे गेली. काहींच्या मते एक कोटीपर्यंत. पेट्रोल संपलं, आगगाड्या थांबल्या. २७ मेच्या वाटाघाटींत किमान वेतन ३५ टक्क्यांनी वाढवण्याचं ठरलं, तरी बिलाँकूरच्या रेनॉ कामगारांनी संप मागे घ्यायला नकार दिला.

राष्ट्राध्यक्ष द गॉल २४ मेला टेलिव्हिजनवर बोलले. सार्वमताची घोषणा केली. पडद्यावर दिसला तो थकलेला म्हातारा. त्याच रात्री पॅरिसच्या शेअर बाजाराला आग लावण्यात आली. २९ मेला तर ते पंतप्रधान पोम्पिदूंनाही न सांगता हेलिकॉप्टरने जर्मनीत, बाडेन-बाडेनला जनरल मासूंकडे निघून गेले.

३० मेला दुपारी साडेचारला ते पुन्हा बोलले, या वेळी फक्त रेडिओवरून. जेमतेम साडेचार मिनिटं. राजीनामा नाही, संसद बरखास्त, निवडणुका होणार. १९४० मध्ये लंडनहून देशाला हाक देणारा तोच आवाज ऐकून जुन्या पिढीला काय वाटलं असेल! त्या संध्याकाळी शाँज-एलिझेवर त्यांच्या समर्थकांचा लाखोंचा लोंढा उतरला. जूनच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं.

सरकारी रेडिओ-टेलिव्हिजनचे पत्रकारही बातम्यांच्या स्वातंत्र्यासाठी संपावर गेले होते. उन्हाळा संपण्याआधीच त्यांतल्या अनेकांना नोकरीवरून काढण्यात आलं.