हलव्याचा काटा आणि केकवरचे दाणे

वाशीम, रिसोड अथवा कारंजा येथील मध्यमवर्गीय घरांत मुलाच्या वाढदिवसाचा केक आज कुकरमध्ये किंवा विजेच्या भट्टीत घरीच भाजला जातो. आणि त्याच्या पांढऱ्या आवरणावर शेवटचा हात म्हणून रंगीत साखरदाण्यांची जी चिमूट उधळली जाते ती पाहिली, म्हणजे हा सर्वच सोहळा कालपरवा समुद्रापलीकडून आला असे मानण्याकडे आपली सहज प्रवृत्ती होते. केकपुरते ते यथार्थ आहे. दाण्यांपुरते मात्र नाही. इवल्याशा बीजावर पाकाचे पुटामागून पूट चढवून त्याचा दाणा वाढविण्याची विद्या वऱ्हाडातील हलवायांना, आणि त्यांच्याहून अधिक चिकाटीने येथील गृहिणींना, घरी केक भाजण्याचे कोणाच्या स्वप्नीही नव्हते तेव्हापासून अवगत आहे. संक्रांतीचा काटेरी हलवा हे तिचे प्रत्यक्ष प्रमाण होय.

वास्तविक हा मुलूख उसाचा नव्हे. कापूस आणि ज्वारी ही येथील जुनी पिके. सोयाबीन तर अलीकडचे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी म्हणून वत्सगुल्म नगरी, म्हणजेच आजचे वाशीम, नावारूपास आली, त्यापूर्वीच कौटिल्याने खडीसाखरेपर्यंतचे ऊसरसाचे निरनिराळे प्रकार आपल्या ग्रंथात नोंदविले होते. परंतु साखर ठाऊक असणे निराळे आणि सामान्य रयतेच्या घरात ती असणे निराळे. मोगल अमदानीत वाशीम हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते, आणि कारंजाची पेठ इतकी संपन्न, की 1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने तिच्यावर छापा घातला तेव्हा लूट वाहून नेण्यास हजारो जनावरे लागल्याचे इतिहासकार सांगतात. अशा पेठांना मीठ, धान्य आणि साखर पुरवीत ते बंजाऱ्यांचे लमाणी तांडे, ज्यांचे पोहरादेवी हे तीर्थस्थान वाशीम जिल्ह्यातच, मानोरा तालुक्यात आहे. बैलाच्या पाठीवरून मजल दरमजल येणारा आणि वाटेत ठिकठिकाणी जकात भरणारा माल स्वस्त असणे संभवत नाही. म्हणून शुभ्र साखर श्रीमंतांच्या कोठीत, देवाच्या नैवेद्यात किंवा वैद्याच्या बटव्यात, आणि इतरांच्या वाट्यास गूळ, अशीच वाटणी दीर्घकाळ चालली असावी.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकोला व मूर्तिजापूर या मार्गाने आगगाडी धावू लागली, विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजावरून यवतमाळकडे जाणारी अरुंद मापाची गाडीही सुरू झाली, आणि मॉरिशसची ‘मोरस’ साखर वाण्याच्या दुकानात दिसू लागली. स्वदेशीच्या चळवळीत तिच्यावर बहिष्कार पडला; ती हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात या समजाने सोवळ्यातल्या मंडळींचा त्या बहिष्काराला धार्मिक पाठिंबाही मिळाला. 1932 च्या कायद्याने देशी कारखान्यांस संरक्षण मिळाल्यावर, आणि 1950 मध्ये प्रवरानगरास सहकारी कारखाना उभा राहिल्यावर मात्र, साखर मराठी घरात पाहुणी राहिली नाही.

हलव्याची कृती ज्याने जवळून पाहिली नाही त्यास तिच्यातील तपश्चर्येची कल्पना येणार नाही. साखरेच्या पाकात दूध घालून वर येणारी मळी काढून टाकावयाची, पाक एकतारी राखावयाचा, आणि मंद शेगडीवर ठेवलेल्या परातीत तीळ, खसखस, साबुदाणा, मगज किंवा लवंगा घेऊन त्यांवर चमचाभर पाक सोडीत बोटांच्या अग्रांनी ते सारखे फिरवीत राहावयाचे. पाक अधिक पडला तर दाणे एकमेकांस चिकटतात, आच वाढली तर ते पिवळे पडतात, आणि हवा उष्ण असली तर काटा येतच नाही. म्हणून पौषातील पहाट हाच या कामाचा मुहूर्त, आणि काम एका दिवसाचे नव्हे, कित्येक दिवसांचे. प्रत्येक पूट वाळताना दाण्यावर जे सूक्ष्म उंचवटे राहतात त्यांच्यावर पुढचे पूट चढून ते अणकुचीदार होतात. बोटे पोळतात ती निराळीच. असा हलवा दोऱ्यात ओवून अथवा कागदावर डिंकाने चिकटवून नववधूसाठी तोडे, पाटल्या, बाजूबंद आणि नथ, तर तान्ह्या बाळासाठी मुकुट व बासरी घडवीत. आणि काळ्या वस्त्रावर हे शुभ्र अलंकार घातलेल्या बाळाच्या मस्तकावर बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलवा यांचा अभिषेक झाला, की भोवतालच्या मुलांनी तो वेचण्यासाठी झोंबावे, हेच बोरन्हाण.

शिशूच्या कौतुकास साखरदाणाच का, याचे कारण शोधीत मी फार खोल जाणार नाही. पण हॉलंडात मूल जन्मले म्हणजे कुरकुरीत टोस्टवर साखरेचे पूट दिलेली बडीशेपेच्या जातीची बीजे पसरून पाहुण्यांस देतात, आणि 1938 मध्ये राजकन्या बिआट्रिक्सच्या जन्मानिमित्त ती नारिंगी रंगात काढण्यात आली, ही हकीकत वाचल्यापासून मला त्या अपरिचित राष्ट्राविषयी आप्तभाव वाटू लागला आहे. इटलीतही कार्निव्हलात एकमेकांवर साखरेचे पूट दिलेली धने-बदामासारखी बीजे फेकीत. कागदाचे कपटे उधळण्याची चाल नंतरची. आपल्याकडेही फातिहाच्या शिरणीतले वेलचीदाणे आणि देवळापुढचे साखरफुटाणे हे या एकाच कुळातले.

युरोपात एकोणिसाव्या शतकात हे बोटांचे काम फिरत्या तांब्याच्या कढयांकडे गेले, आणि केकवरचे गोल दाणे त्याच कढयांतून निघाले. लांबट काड्यांची जात निराळी. ती साखरेच्या लगद्याची शेव पाडून तोडलेली असते, तिला बीजच नसते, आणि माझ्या मते चवही नसते. ही पाकिटे बाजारात येण्यापूर्वी वाळूच्या थरावर डबा ठेवून केक भाजणाऱ्या गृहिणींना शोभेसाठी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या आणि कच्च्या पपईची टुटीफ्रुटी पुरत असे, व बडीशेपेच्या गोळ्यांत निदान दाताखाली एक सुगंधी बीज येई. आजच्या ओलसर क्रीमवर दाण्यांचे तांबडे-हिरवे ओघळ उतरतात, म्हणून जाणत्या बायका ते केक कापण्याच्या ऐन वेळी पेरतात. संक्रांत ते रथसप्तमी या काळात ज्या घरी वाढदिवस येतो तेथे खसखशीचा पांढरा हलवा वापरल्यास ओघळांची ही चिंताही उरत नाही. फक्त तो बाजारचा नसावा, कारण यंत्राने फिरविलेल्या पुष्कळशा हलव्याला अलीकडे काटाच नसतो.