वारुळावरील अळंबी

वारुळावरील अळंबी ही टर्मिटोमायसेस प्रजातीतील खाद्य बुरशी आहे. वाळवी जमिनीखालील घरात वनस्पतींच्या अवशेषांवर तिची वाढ करते. पावसाने माती भिजल्यावर वारुळाजवळ तिच्या छत्र्या उगवतात.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. अशा कोरड्या भागात पाऊस न झाल्यास अळंबी क्वचितच मिळते. जमिनीखालील बुरशी मात्र वारुळातील ओलाव्यावर टिकून राहते. त्यामुळे वारूळ खणल्यास पुढील हंगामातील अळंबीही नाहीशी होऊ शकते.

देठाचे मुळासारखे लांब टोक ही तिची खूण असली, तरी केवळ तीवरून छत्री खाद्य ठरवणे धोक्याचे असते. ॲमानिटा प्रजातीतील काही छत्र्यांचे विष शिजवूनही नष्ट होत नाही. विषबाधेची लक्षणे बहुधा ६ ते २४ तासांनी दिसतात आणि यकृत निकामी होऊ शकते.