पट्टा, भट्टी आणि पार्ल्याचे बिस्किट

स्वयंचलन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रमानव उभा राहतो. पण कारखानदारीत खरी उलथापालथ केली ती सरकत्या पट्ट्याने. त्याचे एक उत्तम उदाहरण अंधेरी तालुक्यातल्या विलेपार्ल्यात होते.

मोहनलाल दयाल चौहान यांनी 1929 साली तेथे कारखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणली. माणसे होती अवघी बारा. आधी गोळ्या आणि टॉफी, आणि सुमारे दहा वर्षांनी बिस्किटे. त्या काळी बिस्किट ही साहेबाच्या चहाबरोबरची परदेशी, महाग वस्तू होती. ती सामान्यांच्या खिशाला परवडायची, तर बेकरीची जुनी रीत उपयोगाची नव्हती.

जुनी रीत अशी: पत्र्याच्या ताटांत बिस्किटे मांडायची, लांब दांड्याच्या फावड्याने भट्टीत सारायची आणि भट्टीवाल्याच्या नजरेवर विसंबायचे. तोंडाशी असलेले ताट कच्चे, आतले करपलेले. इंग्लंडने हा प्रश्न आधीच हाताळला होता. 1830च्या सुमारास टॉमस ग्रँटने गोस्पोर्ट येथे नौदलासाठी वाफेच्या यंत्रांवर बिस्किटे केली, तर 1846 मध्ये रेडिंगच्या जॉर्ज पामरने अखंड चालणारे यंत्र बसवले. पुढे भट्टीचाच बोगदा झाला आणि बिस्किट पट्ट्यावरून त्यातून प्रवास करू लागले.

येथे वर्गात एक सोपे गणित घालता येईल. बिस्किट भाजायला 5 मिनिटे लागतात असे धरू. भट्टी 25 फूट असेल, तर पट्टा मिनिटाला 5 फूटच सरकू शकेल. भट्टी 250 फूट केली, तर 50 फूट. भाजण्याची वेळ तीच, उत्पादन मात्र दहापट! म्हणजे पीठ आणि साखर यांबरोबर कारखानदार लांबीही विकत घेत असतो.

बोगद्याचे दुसरे गुपित म्हणजे त्याचे टप्पे. पहिल्या टप्प्यात अमोनियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन वायू सुटतात व पीठ फुगते. मधल्या टप्प्यात पाणी निघून जाते. शेवटी साखर आणि प्रथिने यांच्या अभिक्रियेतून तांबूस रंग व सुगंध येतो. (लोकलच्या प्रवाशांना पार्ले आल्याचे न बघता कळायचे, ते याच मेलार्ड अभिक्रियेमुळे.) प्रत्येक टप्प्याचे तापमान वेगळे ठेवता येते. घाईने भाजले, तर कडा कोरडी व मध्य ओलसर राहतो. मग थंड झाल्यावर कडा हवेतली आर्द्रता घेऊन प्रसरण पावते, मध्य आकसतो आणि पुड्यातल्या पुड्यात बिस्किटाला तडा जातो. हा दोष भट्टीच्या तोंडाशी दिसत नाही, दिवसांनी गिऱ्हाइकाच्या हातात दिसतो.

म्हणूनच गुणवत्ता शेवटी तपासून भागत नाही. हा विचार 1924 साली अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी नियंत्रण आलेखातून मांडला. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते 1947-48 मध्ये भारतात आले होते. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक प्रक्रियेत थोडी चढउतार नैसर्गिकच असते. तिच्यामागे धावून यंत्राची कळ सारखी फिरवली, तर चढउतार वाढते. मला हा मुद्दा यंत्रांपेक्षाही मोलाचा वाटतो.

त्याची किंमत मोजू. पुडा 100 ग्रॅमचा आणि वजनाचे प्रमाण विचलन 2 ग्रॅम असेल, तर शंभरातले 97-98 पुडे तरी पुरेपूर भरावेत यासाठी सरासरी 104 ग्रॅम ठेवावी लागते. विचलन 1 ग्रॅमवर आणले, की 102 पुरतात. एक कोटी पुड्यांमागे 20 टन बिस्किटे वाचली! स्वस्त बिस्किट विकणाऱ्याचा नफा अशा दोन-दोन ग्रॅमांत असतो.

अर्थात, सगळे यंत्राच्या हाती नव्हते. फाळणीनंतर गव्हाची टंचाई झाली, तेव्हा कंपनीला सातूची बिस्किटे काढावी लागली होती.

पार्ल्याचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला. कारण दिले गेले ते घटत्या उत्पादकतेचे. तोवर बहादूरगड, नीमराणा अशा ठिकाणी कंपनीचे मोठे कारखाने उभे राहिले होते. मुंबईत जमीन सोन्याच्या भावाने विकली जात असताना लांबलचक भट्टी अंथरायला जागा कोठून आणायची, हे माझे अनुमान. पार्ल्यातल्या सुमारे 300 कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. बिस्किटाची चव मात्र बदलली नाही.