१९९३-९४ : आमच्या दहावीचे वर्ष

आपल्या बॅचला गावात अजूनही ‘भूकंपाची बॅच’ म्हणतात. नाव खोटे नाही. पण त्यामुळे साऱ्या वर्षातली एकच रात्र लोकांच्या लक्षात राहते. जून १९९३ ते मार्च १९९४ या काळात दहावीच्या वर्गात आणखीही पुष्कळ घडले. ते क्रमाने मांडून ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख. सणावारांच्या तारखा पंचांगात पाहून घेतल्या आहेत. वर्गातल्या गोष्टी चार मित्रांना विचारून पक्क्या केल्या आहेत.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हजेरीपटावर ५४ नावे होती. वर्षाचा आराखडा नेहमीचाच : वृक्षारोपण, टिळक पुण्यतिथीची वक्तृत्व स्पर्धा, सहामाही, खरोशाच्या लेण्यांची सहल, स्नेहसंमेलन, निरोप समारंभ. सप्टेंबर सगळ्यांत गजबजलेला. १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, त्याला ४५ वर्षे झाली होती. गावातल्या एका वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांनी भाषण न करता आपल्या लहानपणची शाळा सांगितली. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून कसे चाले, ते सांगितले. दोनच दिवसांनी गणपती बसले. लेझीम पथक आपल्या वर्गाचे होते. बुधवारी, २९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी. विसर्जन करून आपण उशिरा घरी गेलो.

गुरुवारी, ३० तारखेला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारी आपल्या पश्चिमेला, शेजारच्याच औसा तालुक्यात. उजाडता उजाडता तिकडून येणारी माणसे सांगू लागली ते कोणाला खरे वाटेना. किल्लारी, तळणी, मंगरूळ, तिकडे उमरगा तालुक्यात सास्तूर... गावेच्या गावे पडली होती. सरकारी मोजणीनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यात पाऊस लागला. त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. आपली शाळा बंद राहिली, पण वर्ग बंद नव्हता. मुले आलेले कपडे वेगळे करीत, मुली भाकरी बांधून देत, आणि रात्री सगळे गाव अंगणात बाजा टाकून निजे.

शाळा पुन्हा भरली ती पटांगणातल्या लिंबाखाली. खोल्यांत बसायला कोणी तयार नव्हते. भूगोलाच्या सरांपुढे पेच होता. दख्खनचे पठार हा भारतातला स्थिर भाग, असे आपण तोवर शिकत आलो होतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप अपवाद म्हणून सांगितला जाई. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारी भागात बसलेले धक्केही पुस्तकात नव्हते. सर म्हणाले, “पुस्तक बाजूला ठेवा, घरं मोजा.”

मग प्रत्येकाने आपापल्या गल्लीतली दहा घरे मोजली. भिंतीची रुंदी किती, माळवदावर माती किती, खणाला लाकूड आहे की नाही. भिंती दोन-तीन फूट रुंद निघाल्या, माळवदावर फूट-दीड फूट माती. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून ती घातलेली, आणि पावसात गळू नये म्हणून दर काही वर्षांनी वर नवी भर. सरांनी फळ्यावर चित्र काढून दाखवले : भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर मातीत बसवलेल्या दगडांचा, दोन्हींना सांधणारा लांब दगड नाही. हादरा बसला की थर सुटतात आणि माळवदाचा भार खाली येतो. लाकडी खण मजबूत होते अशा काही घरांच्या भिंती पडल्या, तरी वरचे छत राहिले. भूकंपाचे केंद्र जमिनीत फार खोल नव्हते, हे दुसरे कारण. ती वही आपल्यापैकी एकाने जपून ठेवली आहे. नवे घर बांधताना त्याने ती गवंड्यापुढे धरली होती.

दिवाळी १३ नोव्हेंबरला आली आणि गेली. सुटीनंतर हजेरीपटावर सात नावे वाढली. भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली गेली होती. ही सात निलंग्यात मामाकडे, मावशीकडे राहिलेली. कोणाजवळ शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. त्यांची शाळाच उरली नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, “आधी वर्गात बसवा, दाखल्याचं मागून बघू.” एकाला आपली जन्मतारीख माहीत नव्हती, आणि जी सांगू शकली असती ती माणसे आता नव्हती. लिपिक काका बराच वेळ पेन हातात धरून बसले.

ती मुले येण्याच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षक एवढेच म्हणाले होते : “काय झालं ते विचारायचं नाही. त्यांनी सांगितलं तर ऐकायचं.” वर्गाने ते पाळले.

खरोशाची सहल रद्द झाली. त्याऐवजी ११ जानेवारीला येळवस आली आणि आपण सगळे एका मित्राच्या शेतात गेलो. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. सातही जण आले होते. तिसऱ्या दिवशी, संक्रांतीला, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा. आपण तेव्हा जेमतेम जन्मलो होतो. त्या ठरावापायी मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मेली. नागरिकशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे पूर्ण नाव लिहिले आणि सोळा वर्षे का लागली ते तासभर समजावून सांगितले. वर्गात दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले होती. कोणी उठून गेले नाही.

स्नेहसंमेलन घ्यावे की नाही, यावर मात्र वाद झाला. यंदा नाचगाणे शोभत नाही, असे बहुतेकांचे मत. हस्तलिखित काढावे आणि थांबावे, असे ठरत आले होते. तेव्हा सातांपैकी एक उभा राहिला. तो कधी बोलत नसे. “सर, लेझीम तेवढी ठेवा. आमच्या गावात त्या रात्री लेझीमच चालली होती.” त्याच्या पथकातले किती उरले, हे आपण विचारले नाही. फेब्रुवारीत लेझीम झाली. पुढच्या रांगेत तो होता आणि ठेका त्याच्या गावचा होता.

मार्चमध्ये परीक्षा झाली आणि आपण पांगलो. पुढे किल्लारीचे नव्या जागी पुनर्वसन झाले. रुंद रस्ते, आखीव घरे. आपल्यापैकी दोघे त्या बांधकामांवर कामाला होते.

मेळाव्याला त्या सातांपैकी चौघे येणार असल्याचे समजते. संयोजकांनी जुन्या हजेरीपटावरून हजेरी घ्यायचे ठरवले आहे, हे उत्तमच. छापील यादी ५४ वर संपते. पुढची सात नावे वर्गशिक्षकांनी शाईने लिहिलेली आहेत. हजेरी ६१ पर्यंत घ्यावी, एवढी विनंती.