डोक्याचा मार आणि वेडाचा शिक्का

वाचकहो, नगरचा भुईकोट किल्ला म्हटला म्हणजे आपणांस चांदबीबी आठवते, आणि १९४२ पासून तेथे स्थानबद्ध असलेले पंडित नेहरू आठवतात. आमच्या राहुरीहून एस. टी.ने हा रस्ता तासाभराचा. दरसाल मी कॉलेजची पोरे घेऊन तेथे जातो. पण याच किल्ल्यात २५ डिसेंबर १८८३ रोजी एक वीस वर्षांचा तरुण मेला, आणि तो कोल्हापूरच्या गादीचा छत्रपती होता, हे सांगितले म्हणजे पोरे माझ्या तोंडाकडे बघतच राहतात.

हे चौथे शिवाजी महाराज. जन्म १८६३ चा. १८७१ साली दत्तक येऊन गादीवर बसले. पुढे त्यांचे डोके ठिकाणावर नाही असे ठरवून १८८२ मध्ये कारभार कागलकर जयसिंगराव घाटगे यांच्याकडे देण्यात आला. महाराजांचा छळ होत आहे अशी हाकाटी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केली. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, छापलेली पत्रे बनावट ठरली, आणि टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहून आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही तुरुंगवारी तेवढी उरली आहे. ज्या पोरासाठी ती घडली तो मात्र तळटीपेत गेला! त्याला १८८३ साली नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले होते. ग्रीन नावाच्या गोऱ्या सोजिराशी झालेल्या झटापटीत त्याची प्लीहा फुटली आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याची समाधी नगरलाच आहे.

महाराज खरोखरच वेडे होते की त्यांना वेडे ठरवले, हा वाद जुना आहे. मला तो येथे उकरायचा नाही. माझा प्रश्न साधा आहे. ते आजारी होते असे धरून चला. मग आजारी माणसाच्या उशाशी सोजीर कशाला?

त्या काळी कोणाला काही कळतच नव्हते, असे म्हणून सुटता येत नाही. महाराजांचे प्रकरण अपघाताचे नव्हे; पण वागणुकीचे मूळ मेंदूत असू शकते, हे एका अपघाताने तोवर जगाला दाखवून दिले होते. अमेरिकेत व्हरमाँट संस्थानात १८४८ च्या सप्टेंबरात फिनिअस गेज नावाचा रेल्वेचा मुकादम सुरुंगात दारू ठासत होता. स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सव्वातेरा पौंडांची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. गडी वाचला! चालू-बोलू लागला. पण पूर्वीचा शहाणासुरता मुकादम शिव्या देऊ लागला, हट्टी झाला, एक बेत धड तडीस नेईना. हा आमचा गेज नव्हेच, असे सोबती म्हणू लागले. डॉक्टर हार्लो यांनी ही सारी हकीकत १८६८ साली छापली, म्हणजे नगरच्या प्रकरणाच्या पंधरा वर्षे आधी. या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. तोच गेज पुढे चिली देशात काही वर्षे घोड्यांची टपालगाडी हाकत होता. रोज ठरल्या वेळी उठायचे, ठरलेली घोडी जुंपायची, ठरलेल्या रस्त्याने जायचे. हा शिस्तीचा दिनक्रमच त्याचे औषध झाला असावा, असे आता काही अभ्यासक मानतात.

हे सारे मी वर्गात रंगवून सांगत असे, आणि माझ्याच वर्गात मी आंधळा निघालो. दोन वर्षांमागे आमचा एक विद्यार्थी रात्री मोटारसायकलवरून येताना नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, याच्या डोक्याला हेल्मेट नव्हते. चार दिवस बेशुद्ध होता. महिन्याभराने घरी आला तेव्हा आईने पेढे वाटले. जखम भरली, केस आले, म्हणजे पोरगा बरा झाला असे सर्वांनी धरले. मीही धरले. वर्गात तो पुस्तकाचे एकच पान उघडून बसे. विचारलेले विसरे. एकदा मी त्याला चारचौघांत आळशी म्हणालो. तो उठून गेला तो पुन्हा आलाच नाही.

मी घरी गेलो तेव्हा कळले की भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावतो, रात्र रात्र झोपत नाही. देवऋषी लिंबू उतरवून गेला होता. चुलते म्हणत होते, “दोन दिवस गोठ्यात बांधून घाला, आपोआप सुधरंल.” आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “सर, वरून तोच हाय, पण ह्यो माझा पोरगा न्हाई वो.” मी चमकलो. गेजच्या सोबत्यांचेच ते शब्द.

वाचकहो, कवटी न फुटताही आतला मेंदू हिंदकळतो, आणि स्कॅनच्या चित्रात कधी कधी काहीच दिसत नाही. कपाळामागचा भाग म्हणजे घरातला वडीलधारा. रागाला आवर तो घालतो, कामाचा क्रम तो लावतो. तोच दुखावला तर स्मरण, लक्ष, उमेद सारेच ढिले पडते. पुष्कळांना उदासी येते, काहींना झटके येतात. झटके, उदासी, झोप यांना औषधे आहेत. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. दारू तर वर्ज्यच. बाकीचे काम शिकवणीचे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत गोल्डस्टाईन यांनी आणि दुसऱ्यात रशियात लुरिया यांनी डोक्याला गोळी लागलेल्या शिपायांना, शाबूत राहिलेल्या शक्तीच्या आधाराने, गेलेल्या गोष्टी नव्याने शिकवल्या. आजचे उपचार त्याच वाटेने चालतात: एका वेळी एकच काम, थोडे काम मग विसावा, गोंगाट कमी, सारे वहीत टिपलेले. घरच्यांनाही शिकवावे लागते, कारण पोरगा नाटक करीत नाही हे पटणेच सर्वांत अवघड. आणि बांधण्याचे म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळदंड घालण्यास साफ मनाई केली आहे.

नगरच्या डॉक्टरांकडे पहिल्या खेपेस मी सोबत गेलो. चुलतेही आले, कुरकुरत का होईना. मुलगा पूर्वीसारखा झालेला नाही. लग्नाचा बँड त्याला अजून सोसत नाही आणि बी. ए. राहिले ते राहिलेच. पण सकाळी डेअरीवर दूध घालायचे काम त्याने अंगावर घेतले आहे. खिशात छोटी वही असते. आकडा लगेच टिपतो. परवा भेटला तेव्हा मला ओळखले, नाव मात्र आठवेना. त्याने वही काढली, चाळली आणि म्हणाला, “थांबा सर, लिहिलंय मी.”