कंडक्टर मेहली मेहता

आमच्या कळमनुरीत कंडक्टर म्हटलं की एसटीचाच. खाकी कपडे, खांद्याला बॅग, हिंगोली-नांदेड रस्त्यावर मधेच कुणी हात केला की दोरी ओढून टण्ण. आणि ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला, चमकीचा शर्ट घालून किशोरकुमारची गाणी म्हणणाऱ्यांचा. त्यामुळे 'ऑर्केस्ट्राचा कंडक्टर' असं इथे कुणाला सांगितलं तर तो त्या कार्यक्रमाची तिकिटं फाडत असणार अशीच समजूत व्हायची!

तर आधी थोडं त्याविषयी. युरोपातल्या पद्धतीच्या ऑर्केस्ट्रात साठ-सत्तर, कधी शंभर वादक असतात. प्रत्येकापुढे फक्त त्याच्या वाद्याची स्वरलिपी. पन्नास मात्रा गप्प बसून एक्कावन्नाव्याला वाजवायचं, असंही एखाद्याच्या वाट्याला येतं. सगळ्यांचं सगळं एकाखाली एक लिहिलेलं पुस्तक एकट्या कंडक्टरपुढे. लय किती, कुणी कधी शिरायचं, कुणी दबून वाजवायचं, हे तो हातांनी सांगतो. स्टेजवर दिसतं ते थोडंच, खरं काम आधीच्या तालमींत झालेलं असतं. नर्सी नामदेव आमच्यापासून जवळ, इकडे भजनाला तोटा नाही. पण भजनात म्होरक्या स्वतः गातो, टाळ धरतो. कंडक्टर मात्र एकही स्वर वाजवत नाही. गवई तानपुरा घेऊन एकटा रियाज करू शकतो. कंडक्टरला रियाज करायलासुद्धा समोर पन्नास माणसं लागतात.

अशी माणसंच गावात नसली तर?

झुबिन मेहता हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मला जास्त ओढ वाटते ती त्यांच्या वडिलांची, मेहली मेहतांची. जन्म १९०८, मुंबईत, पारशी घरात. व्हायोलिनचा नाद लागला, पण मुंबईत ते शिकवणारे असून असून किती असणार? बरंचसं स्वतःच शिकले. मुंबई विद्यापीठात शिकले, १९२९ साली लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची पदविका मिळवली. पुढे काय? एकट्यानं वाजवावं, चार ओळखीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, एवढ्यावर भागलं असतं. यांना हवी होती सिंफनी, आणि ती एकट्यानं वाजत नाही. मग १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला.

उभा केला म्हणजे अक्षरशः माणसं गोळा केली. त्यात पारशी हौशी वादक होते. गोव्याहून आलेले वादक होते. तिथे चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत, म्हणून मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या रेकॉर्डिंगला ही मंडळी हुकमी. ट्रंपेटसारखी फुंकून वाजवायची वाद्यं कमी पडली की नौदलाच्या बँडमधले लोक आणायचे. सगळे पोटापाण्याचं दुसरीकडे बघून इथे येणारे. मेहलींनी आधी पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवरून आणि पुढे कंडक्टर म्हणून हा गाडा ओढला. १९४० साली चौघांचा एक चमूही काढला, बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. तालमी घरीच चालत. झुबिन (जन्म १९३६) आणि धाकटे झरीन त्या आवाजातच वाढले.

१९४५ साली, बायको आणि दोन लहान मुलं मुंबईत ठेवून, मेहली न्यूयॉर्कला इव्हान गॅलेमियन यांच्याकडे व्हायोलिन शिकायला गेले. वय छत्तीस! ज्याला लोक उस्ताद म्हणायला लागलेत त्यानं पुन्हा विद्यार्थी व्हायचं. घरचं सगळं पत्नी तेहमिना यांनी सांभाळलं, हेही लिहून ठेवायला हवं. काही वर्षांनी परतले आणि पुन्हा तोच गाडा.

१९५४ साली झुबिन डॉक्टरकीच्या वाटेवरचं शिक्षण सोडून व्हिएन्नाला गेले, कंडक्टर व्हायला. १९५५ साली मेहलींनीही मुंबई सोडली. मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात ते व्हायोलिन वाजवू लागले, जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली. मला इथे नेहमी थबकायला होतं. मुंबईत ज्याच्या इशाऱ्यावर ऑर्केस्ट्रा चालायचा, तो सेहेचाळिशी ओलांडल्यावर दुसऱ्याच्या इशाऱ्यावर वाजवतोय. पण रोज, पगारी, पूर्णवेळ ऑर्केस्ट्रात! मुंबईत वीस वर्षं झटून जे मिळालं नाही ते इथे आयतं होतं. १९५८ साली, मँचेस्टरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या लिव्हरपूलला, कंडक्टरांच्या स्पर्धेत झुबिन पहिले आले.

गंमत बघा, त्याच १९५८ साली मुंबईत अँथनी गोन्साल्विस हे मूळचे माजोर्ड्याचे गोवेकर व्हायोलिनवादक रागांवर बांधलेल्या सिंफनी संगीतासाठी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करत होते. (प्यारेलाल यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तलं नाव यांचंच.) तोही फार टिकला नाही, आणि १९६५ साली तेही अमेरिकेला गेले. म्हणजे मुंबईत ना हुन्नर कमी होता, ना जिद्द. कमी होतं ते दर महिन्याला पगार देणारं आणि दर आठवड्याला खुर्च्या भरणारं कुणीतरी. एक माणूस ऑर्केस्ट्रा जन्माला घालू शकतो, पण तो जगवायला अख्खं शहर लागतं.

मेहली पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये गेले. १९६२ साली झुबिन लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले, आणि १९६४ साली मेहलीही त्या शहरात आले. पंचावन्न-छप्पन हे आपल्याकडे निवृत्तीचे हिशेब मांडायचं वय. यांनी काय केलं? पुन्हा नवा ऑर्केस्ट्रा हाती घेतला, अमेरिकन यूथ सिंफनी. सगळी शिकाऊ पोरं. तेहतीस वर्षं त्यांना घडवलं. तिथून निघालेले वादक मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांत गेले. १९९८ साली थांबले तेव्हा नव्वदीला टेकले होते. २००२ साली गेले.

मुलाच्या कीर्तीपुढे बापाचं नाव मागे पडलं, अशी हळहळ काही जण करतात. मला तसं वाटत नाही. एक मुलगा जगातल्या मोठ्या कंडक्टरांपैकी एक झाला. दुसरा, झरीन, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसारख्या संस्थेचा कारभार बघू लागला. एकाने ऑर्केस्ट्रा वाजवून घ्यायचा, दुसऱ्याने तो जगवायचा. बापाला मुंबईत एकट्याने जी दोन कामं ओढावी लागली, ती दोघांनी वाटून घेतली म्हणायची!

मुंबईत १९९५ पासून मेहलींच्या नावाची संस्था मुलांना हे संगीत शिकवते. २००६ साली एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. वादक मात्र सुरुवातीपासून बरेचसे कझाकस्तान वगैरेंकडून आलेले. ऑगस्ट २०२३ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता याच ऑर्केस्ट्रापुढे उभे राहिले. परदेशी ऑर्केस्ट्रा घेऊन ते मुंबईत अनेकदा आले होते, पण या वेळी ऑर्केस्ट्रा मुंबईचाच होता.

असो. त्या खुर्च्यांवर इथे शिकलेली पोरं जास्तीत जास्त बसतील तेव्हा मेहलींचं मुंबईतलं काम पुरं झालं म्हणायचं. वीस वर्षांत त्यांचं झालं नाही, आपल्याला नव्वद वर्षांतही पुरतं जमलेलं नाही. पण पोरं शिकताहेत, हे काही थोडं नाही.