हजरत मूसा (अलै.) त्या भूमीत का गेले नाहीत?

कुरआनात सर्वांत जास्त वेळा नाव आलेले प्रेषित म्हणजे हजरत मूसा (अलै.). फिरऔनच्या गुलामीतून त्यांनी बनी इस्राईलला सोडवले. पण ज्या भूमीकडे ते निघाले, तिथे त्यांचे पाऊल पडले नाही. का?

यहुदी ग्रंथाचे उत्तर असे आहे (गणना, अध्याय २०). रानात पाणी नाही, लोक भांडायला उठले आहेत. देव मूसांना सांगतो, काठी घे आणि खडकाशी बोल. मूसा चिडतात, लोकांना बंडखोर म्हणतात, आम्ही तुम्हाला पाणी काढून द्यायचे का असे विचारतात आणि खडकावर दोनदा काठी मारतात. पाणी भरपूर येते. पाठोपाठ निकालही येतो: या लोकांना त्या भूमीत तू नेणार नाहीस. भाऊ हारून (अलै.) यांनाही तीच शिक्षा.

एवढ्या सेवेनंतर एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा? यहुदी भाष्यकारांनी हा प्रश्न टाळला नाही. अकराव्या शतकातले फ्रान्सचे राशी म्हणतात, बोलायचे सांगितले होते, मारले, हीच चूक. कुर्तुबात जन्मलेले आणि सलाहुद्दीनच्या काळात मिस्रमध्ये राहिलेले मूसा बिन मैमून यांनी अरबीत लिहिले की चूक रागाची होती. लोक नेत्याकडे पाहून शिकतात. तो रागावला की त्यांना वाटते, देवच रागावला. आणि इथे तर देव रागावलेला नव्हता. नहमानिडीज यांना हे पटले नाही. ‘आम्ही’ या शब्दात चूक आहे, या जुन्या मताकडे ते झुकले. पाणी देणारा अल्लाह, आणि तोंडी मात्र ‘आम्ही’!

आपल्या श्रद्धेनुसार प्रेषित गुनाहांपासून सुरक्षित असतात. कुरआनात (२:६०) खडकावर काठी मारण्याचा हुकूम अल्लाहचाच आहे, आणि त्यातून बारा झरे फुटतात. भूमीत जायला नकार दिला तो लोकांनी. त्यांच्यावर ती चाळीस वर्षे हराम झाली (५:२६). बुखारी शरीफमधील हदीसनुसार अखेरच्या क्षणी मूसांनी त्या पवित्र भूमीच्या जवळ, दगड फेकला तर पोहोचेल एवढ्या अंतरावर नेण्याची दुआ केली. म्हणजे आपल्याकडे शिक्षा कौमला आहे, नेत्याला नाही. गंमत अशी की यहुदी ग्रंथातही (अनुवाद, अध्याय १) मूसा लोकांना सांगतात, तुमच्यामुळे देव माझ्यावर रागावला.

काही वक्ते या फरकावरून लगेच म्हणतात, बघा, यहुद्यांनी आपल्याच पैगंबराला दोष लावला. मला हे अर्धवट वाचन वाटते. हे ‘यहुदी’ आपल्याला परके नाहीत. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम न करणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राईल मराठीच बोलत. १८७४ साली पुण्यात त्यांची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. गुलामीतून सुटकेची कहाणी पेसाहच्या रात्री घराघरात वाचायचे ते पुस्तक. त्यातल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका मत्झा, म्हणजे सणाची बिनखमिराची रोटी, तयार करताना दिसतात. आणि हगादाच्या पारंपरिक मजकुरात मूसांचे नाव जवळजवळ येतच नाही, येते ते एका वचनाच्या ओघात. सुटकेचे श्रेय माणसाला जाऊ नये, ही काळजी त्यात दिसते. नहमानिडीजने ‘आम्ही’ शब्दावर बोट ठेवले, ते याच काळजीतून. तौहीद मानणाऱ्याला ही काळजी परकी कशी वाटेल?

म्हणून मतभेद आहे तिथे तो स्पष्ट मांडावा, पण धडा सोडू नये. कुरआनात (२०:४४) अल्लाह मूसा आणि हारून यांना फिरऔनशी, त्या जालिमाशीसुद्धा, नरमाईने बोलायला सांगतो.

मी शिक्षक आहे. जिथे बोलून भागले असते तिथे माझा हात उठला आहे. मुलगा गप्प बसला, वर्ग शांत झाला, म्हणजे पाणी आले. त्या वेळी मला ते यश वाटले. आज वाटते, त्या दिवशी चाळीस मुले माझ्याकडे पाहून काहीतरी शिकली, आणि ते पाठ्यपुस्तकात नव्हते. कुणा नेत्यावर संकट आले की ‘अल्लाहचा कहर’ म्हणण्याआधी आपल्या हातातली काठी पाहावी. घरात, वर्गात, जमातीत आपणही कुणाचे तरी नेते आहोत.